डब्लिनमधला रिव्हरडान्स: पैसे वसूल!

उन्हाळ्यात डब्लिनला असाल तर गेइटी थिएटरला रिव्हरडान्स हा आयरिश नाचाचा शो बघाच. १९९४ च्या युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेत मधल्या वेळेत झालेला ७ मिनिटांचा नाच, पुढच्याच वर्षी त्याचा अख्खा शो झाला आणि अजून जोरात चालूय. यूट्यूबवर कितीही बघा, समोर बसून ऐकायची मजाच वेगळी, कारण कंबरेच्या वर सगळे एकदम ताठ, हात बाजूला चिकटलेले अन् खाली पायांचा नुसता कडकडाट, अख्खी लाइन एका ठोक्यात थांबते तेव्हा अंगावर काटा येतो राव! सेकंड हाफमध्ये अमेरिकन टॅप डान्सवाले विरुद्ध आयरिशवाले अशी जुगलबंदी आहे, आपल्या कथकवाल्यांना जाम आवडेल. मधलं निवेदन मला तरी जरा जड वाटलं.

मूड होताच, म्हणून रूमवर येऊन जॉन फोर्डचा १९५२ चा 'द क्वाएट मॅन' सिनेमा लावला. जॉन वेन, मॉरीन ओ'हारा आणि आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या काँग गावची हिरवाई, बास. हिरो बायकोला फरफटत नेतो तो सीन आज बघवत नाही हो, पण शेवटची लांबलचक मारामारी धमाल, हिरो आणि त्याचा मेहुणा मधेच पबमध्ये जाऊन पिऊन येतात!