रेडिओवर ‘वाजलेलं’ आमचं गाणं आणि गेलेले ७१,००० रुपये

७१,००० रुपये. ‘अमेरिकेच्या रेडिओवर तुमचं गाणं लावतो’ म्हणणाऱ्या एका ठगाला चार वेळा पाठवले आणि चारही वेळा यूपीआयचा पिन मीच टाकला. "एवढं कळलं नाही का?" हे ज्यांना विचारायचंय त्यांनी खुशाल विचारा, घरात ते विचारून झालंय. पण बँडवाल्या पोरांनी हे वाचा, कारण हा माणूस अजून धंद्यात आहे.

आमचा बँड खानदेशातला. कोणी अमळनेरचा, कोणी चाळीसगावचा, कोणी भुसावळहून गाडी पकडून सरावाला येतो. वाजवतो रॉक, शब्द अहिराणी. इथल्या खासगी एफएमवर दिवसभर हिंदी फिल्मी गाणी. आमच्यासारख्यांना तिथे कोण विचारतो? म्हणून नवं सिंगल आल्यावर इन्स्टावर मेसेज आला, "मी शिरपूरना शे, भो, आते मुंबईले ऱ्हास, तुम्हनं गानं अमेरिकाना रॉक रेडिओवर लावी देस", तेव्हा आम्हाला तो आपला माणूस वाटला. अहिराणी बोलणारा ठग असू शकतो हे डोक्यातच येत नाही हो.

आणि माणूस अडाणी नव्हता. अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ मासिकाची रॉक रेडिओची यादी, म्हणजे चार्ट, मार्च १९८१ मध्ये सुरू झाली, मॉडर्न रॉकची वेगळी यादी सप्टेंबर १९८८ मध्ये आली, हे त्याला तोंडपाठ. स्पिन म्हणजे गाणं एकदा वाजणं, ऑडियन्स म्हणजे ते ऐकणारे किती, ‘अ‍ॅड’ झालं म्हणजे स्टेशनने गाणं यादीत घेतलं, वर चढणाऱ्या गाण्यापुढे ‘बुलेट’ येते, सगळं बरोबर सांगायचा. मी नंतर पडताळलं, यातलं काहीच खोटं नव्हतं. खोटं फक्त आमचं गाणं तिथे वाजत होतं एवढंच.

पहिले १८,५०० ‘सर्व्हिसिंग’चे. गाण्याची फाइल आणि आयएसआरसी कोड (ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) स्टेशनांना पाठवायला म्हणे. आठवड्याने पीडीएफ आली: एकोणीस स्टेशनं, स्पिनचे आकडे, बाजूला हिरवे बाण. ग्रुपवर नुसता जल्लोष. मग ३५,००० ‘पॅनेल’साठी, कारण चार्टमध्ये फक्त ठरावीक स्टेशनांचे स्पिन मोजतात. हेही खरंच आहे, म्हणूनच गळी उतरलं. त्यावर १८ टक्के जीएसटी, ६,३००. तो कंपनीच्या खात्यात नाही, एका बाईच्या नावावरच्या यूपीआयवर. बिलावरचा जीएसटी नंबर अक्षरं-आकडे धरून १४ चा होता. खरा १५ चा असतो, जीएसटीच्या पोर्टलवर मिनिटभरात कळतं. तुम्ही तेवढं मिनिट काढा.

आता ज्या जागेमुळे अजून झोप उडते ती सांगतो. दुसऱ्या रिपोर्टला एका स्टेशनचा तासावार लॉग जोडलेला होता. आमचं गाणं सकाळी ६:१४:०५ ला लागलं आणि पुन्हा ६:१७:२० ला. गाणं ४ मिनिटं १२ सेकंदांचं आहे. पहिलं संपायच्या आत दुसरं सुरू! हे मी पाहिलं. बोटाने स्क्रीन मोठी करून पाहिलं. ड्रमरला स्क्रीनशॉटही टाकला, तो म्हणाला रेडिओवाले गाणं कापून लावतात. मला पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. आपली संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ. ऐकून खात्री करावी म्हटलं तर तिकडच्या बऱ्याच स्टेशनांचं ऑनलाइन प्रसारण इथे उघडत नाही. खरे एअरप्लेचे आकडे पैसे भरून घ्यावे लागतात, ते आमच्याकडे कुठून येणार? पडताळायचं तरी कशावर, सांगा ना.

शेवटचा घाव रॉयल्टीचा. "१,१२,००० जमलेत, १० टक्के टीडीएस भरा, पैसे मोकळे होतील." ११,२०० गेले. टीडीएस देणाऱ्याने कापायचा असतो, घेणाऱ्याने आधी पाठवायचा नसतो. त्याहून मोठी गंमत नंतर कळली: अमेरिकेत साधा एएम-एफएम रेडिओ गाणं वाजवल्याबद्दल गायकाला, वादकांना किंवा ध्वनिमुद्रणाच्या मालकाला एक पैसाही देत नाही. देतो तो गीतकार-संगीतकाराला, तोही त्यांच्या संस्थांमार्फत. म्हणजे ज्या पैशासाठी आम्ही टीडीएस भरला तो पैसा जगात नव्हताच. आणि समजा त्याने खरंच स्टेशनवाल्यांना गुपचूप पैसे चारले असते, तरी १९६० पासून तिकडे तो गुन्हा आहे. याच भानगडीत २००५ मध्ये सोनी बीएमजीने न्यूयॉर्कमध्ये १ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. तेव्हा ‘गॅरंटीड स्पिन’ हा शब्द दिसला की तिथेच ब्लॉक करा.

आता आपले साहेब लोक.

बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईने खिडकी क्रमांक बदलून दिला, त्या खिडकीने मॅनेजरकडे धाडलं, मॅनेजर म्हणाले, "पिन तुम्हीच टाकलाय ना?" रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी नाही म्हणतो, पण तो खातेदाराच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना. आपण हौसेने पाठवलेल्या पैशाला नाही. बरं, नियम समजला. पण ज्या खात्यात पैसे गेले ते निदान गोठवा म्हटलं, तर "पोलिसांचं पत्र आणा." तालुक्याच्या ठाण्यात गेलो तर ठाणे अंमलदारांनी आधी गाणं लावायला सांगितलं. लावलं. दोन शिपाई हसले. मग साहेब म्हणाले, "गाणं वाजलं नाही म्हणून गुन्हा कसा दाखल करू? हे दिवाणी आहे." अहो, खोटे रिपोर्ट देऊन पैसे उकळले, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? तर "तुम्ही वकील का?" पुन्हा या, जिल्ह्याला जा, जिल्ह्यावरून परत तालुक्याला जा, हद्द मुंबईची, खातं दुसऱ्या राज्यातलं, अर्जावर शिक्का मिळेल पण पोच नाही, पोच देणारे रजेवर. आमच्या गाण्यापेक्षा आमचा अर्जच जास्त स्टेशनं फिरला. लेखी तक्रार नोंदवून घेतली ती शेवटी आमच्या ओळखीच्या एका पत्रकाराने फोन केल्यावर. ज्याच्या ओळखीत पत्रकार नाही त्याने काय करावं?

म्हणून सांगतो, पैसे गेल्याचं कळताच आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बाकी सगळे. पहिल्या काही तासांत पैसे खात्यात अडवता येतात, नंतर ते चार खात्यांतून पसार होतात. चॅट डिलीट करू नका, रागाच्या भरात मी अर्धं केलं होतं. आणि त्याला शिव्या घालून सावध करू नका. तेही करून झालंय.

तक्रार क्रमांक मिळालाय, स्थिती ‘प्रक्रियेत’. त्याचा नंबर मात्र चालू आहे. परवा धुळ्याच्या एका पोराने मला स्क्रीनशॉट पाठवला: तोच माणूस, फोटो नवा, या वेळी तो साक्रीचा आहे. पहिला हप्ता तोच, १८,५००.