२.७ मीटर की ३.३ मीटर? हवेची होडी घेताना

हवा भरायची होडी घ्यायचं ठरलं की गाडं बहुधा लांबीच्या याच दोन मापांवर, २.७ आणि ३.३ मीटरवर, येऊन अडतं. कापड कोणतं, सांधे चिकटवलेले की वेल्ड केलेले, व्हॉल्व्ह कसे, हे दोन्हीकडे सारखंच तपासायचं असतं, म्हणून ते इथे बाजूला ठेवतो. मापासोबत तळही बदलतो, ही गोष्ट मात्र घेताना फारशी कुणी लक्षात घेत नाही. २.७ मीटरच्या होडीत सहसा हवेचा कडक तळ येतो, ३.३ मध्ये ॲल्युमिनियमच्या जोडफळ्यांचा. अपवाद दोन्हीकडे आहेत, पण वजन, वेळ आणि त्रास यांतला निम्मा फरक या तळामुळेच पडतो.

आधी मोठीच्या बाजूचं. तिच्या दोन्ही बाजूंच्या हवेच्या नळ्या जाड असतात, साधारण ४३ सेंमी. लहानीच्या ३८च्या आसपास. पाच सेंमीचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण आडव्या वाऱ्यात उठलेली आखूड लाट लहानीच्या नळीवरून आत शिंतोडे उडवते तेव्हा मोठीतली माणसं कोरडी असतात. तिघं मोठे आणि सामान असेल, किंवा उघड्या पाण्यावर रोजचं जाणं असेल, तर मोठीला पर्याय नाही, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

आतल्या जागेबद्दल मात्र गैरसमज फार. १.६० मीटर रुंद होडीतून ४३ सेंमीच्या दोन नळ्या वजा केल्या की आत ७४ सेंमी उरतात. १.५० मीटर रुंद होडीतून ३८च्या दोन वजा केल्या तरी ७४च. मोठी होडी जागा देते ती लांबीत. समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागत नाहीत आणि इंधनाची टाकी पुढे सरकवता येते. दोघांसाठी हा फायदा सुखाचा आहे, पण अडून राहावं असा नाही. पाटीवर लिहिलेल्या माणसांच्या आकड्यातून दोन्हीकडे एक वजा करावा.

इंजिनाने हिशेब बराच बदलतो. लहानीला २.५ अश्वशक्तीचं इंजिन पुरतं. ते १७-१८ किलोचं असतं, टाकी त्यातच असते आणि एका हाताने उचलता येतं. त्यावर होडी दोघांना घेऊन चार नॉटच्या (ताशी सुमारे सात किलोमीटरच्या) आसपास चालते, पाण्यावर उठून पळत नाही. मोठीला दोन माणसांसह पाण्यावर उठवायचं तर ८ ते १० अश्वशक्ती हवी, म्हणजे फोर-स्ट्रोकचं ४० किलोंच्या आसपासचं धूड, शिवाय इंधनाची वेगळी टाकी आणि तिची नळी. लहान होडीवर मोठं इंजिन लावायचा मोह टाळावा. मागची बाजू दबते, आणि अचानक वेग कमी केला की मागून आलेली स्वतःचीच लाट इंजिन लावायच्या मागच्या फळीवरून आत येते.

आता ज्या एका कटकटीवरून माझा कौल ठरला, ती. मोठीचा ॲल्युमिनियमचा तळ.

जोडणीचा क्रम असा. नळ्यांत फक्त आकार येईल इतकीच हवा भरायची. पुढची फळी आधी आत सरकवायची, मग मागची फळी ट्रान्समला, म्हणजे इंजिन लावायच्या मागच्या उभ्या फळीला, टेकवायची. मधल्या दोन फळ्या तंबूसारख्या उभ्या राहतात, त्यांवर पाय देऊन त्या सपाट बसवायच्या. त्यानंतर नळी एका हाताने वर ओढून, दुसऱ्या हाताने दोन्ही कडांचे लांब पट्टे फळ्यांच्या सांध्यांवर चढवायचे. नळ्यांत हवा जरा जास्त झाली की पट्टे शिरतच नाहीत. कीलमध्ये, म्हणजे तळाखालच्या मधल्या लांब हवेच्या नळीत, आधी हवा भरली तर फळ्या सपाट बसत नाहीत. कील नेहमी शेवटी. बोटं चिमटतात ती याच टप्प्यावर. सराव असला तरी एकट्याला अर्धा तास धरावा, जोडीला कुणी असेल तर निम्मा.

हेही चाललं असतं. खरी अडचण परत आल्यावर सुरू होते. पायांना लागून आलेली वाळू फळीच्या कडेवरून खाली जाते आणि कापड व धातू यांच्यामध्ये बसते. वर पाऊल पडलं की ती सहाणेसारखी घासते. ही झीज तळ आणि नळी यांच्या सांध्यालगत होते, म्हणजे ठिगळ लावायला सगळ्यांत अवघड ठिकाणी. खाऱ्या पाण्यात भर म्हणून पट्ट्यांच्या खाचेत पांढरी भुकटी धरते, आणि पुढच्या वेळी पट्टा जागचा हलत नाही. यावर उपाय एकच: दर वेळी सगळा तळ काढायचा, गोड्या पाण्याने धुवायचा, वाळवायचा. उत्साह टिकतो पहिले काही दिवस. मग होडी जोडलेलीच ठेवली जाते, वाळू आतच राहते आणि नळ्या उन्हात तापतात. २० अंशांना ०.२५ बार (बार हे दाबाचं माप) भरलेली नळी ४५ अंशांना ०.३५च्या जवळ जाते, त्यामुळे उन्हात ठेवताना हवा थोडी सोडावी लागते. मग संध्याकाळी ती पुन्हा भरा.

हवेच्या तळाखालीही वाळू जाते. पण व्हॉल्व्ह उघडला की तो मऊ पडतो, ओढून बाहेर येतो, बादलीभर पाण्यात काम होतं. नाहीतर तो आतच ठेवून होडीसकट गुंडाळता येतो, आणि जोडणी फक्त पंपाची उरते. त्याचीही खोड आहे: त्याला ०.७ ते ०.८ बार दाब लागतो आणि साध्या पायपंपाने तो गाठता येत नाही. कमी दाबावर तळ मधोमध वाकतो आणि होडी पाणी ढकलत चालते. दोन टप्प्यांचा हातपंप आणि दाबमापक घ्यावाच. उघडे गळ आणि सुरी तळावर ठेवू नये.

वजनाचं थोडक्यात. लहान होडी ३०-३५ किलो, एकटा माणूस दोन टप्प्यांत पाण्यापर्यंत नेतो. मोठी ६० ते ७०, इंजिन वेगळं. तिला चाकं किंवा दुसरा माणूस लागतोच. एकटं असताना लहानीचा पुढचा भाग वाऱ्याने उचलला जातो, हा तिचा खरा दोष. पाण्याचा कॅन पुढे बांधला की तो बराच आटोक्यात येतो.

ट्रेलरवर कायम जोडलेली राहणार असेल तर ३.३ घ्या, तिथे माझी तक्रार लागू होत नाही. होडी दर वेळी पिशवीतून काढून पिशवीत घालायची असेल आणि माणसं दोनच असतील, तर मी २.७ कडे झुकेन. पैसे देण्यापूर्वी दुकानात ती एकदा पूर्ण उघडून, स्वतः गुंडाळून पिशवीत घालून बघा, आणि ट्रान्समची रुंदी मोजून घ्या. ती फळी घडी होत नाही, त्यामुळे गुंडाळीची लांबी तेवढीच राहते आणि गाडीच्या डिकीत बसेल की नाही हे तिथेच ठरतं.