स्प्लॅटून ३, आठ महिन्यांनंतर: कृपा करून जायरो बंद करू नका

काउंटर-स्ट्राइक किंवा कॉल ऑफ ड्यूटीसारख्या शूटरवर (बंदुकीच्या गेमवर) हात बसलेला खेळाडू निन्टेंडो स्विचवरचा शाई उडवायचा शूटर स्प्लॅटून ३ सुरू करतो आणि पाच मिनिटांत त्याची ठरलेली तक्रार येते: उजवी स्टिक वर-खाली चालत नाही. स्टिक बिघडलेली नसते. मोशन कंट्रोल (म्हणजेच जायरो, कंट्रोलर किती कलला ते ओळखणारा सेन्सर) चालू असताना उजवी स्टिक कॅमेरा फक्त डावी-उजवीकडे फिरवते, वर-खाली बघायला कंट्रोलरच तिरका करावा लागतो. मग हा खेळाडू सेटिंगमध्ये जाऊन मोशन बंद करतो, आठवडाभर मार खातो आणि 'नुसती रंगपंचमी आहे, पोरांसाठी ठीक' म्हणत कार्ट्रिज विकायला काढतो. आठ महिन्यांच्या वापरानंतर माझं मत असं की जुन्या शूटरवाल्यांचं या गेमशी बिनसतं ते रंगांपेक्षा या एका सेटिंगमुळे. म्हणून आधी त्याबद्दलच, आणि जरा सविस्तर.

स्प्लॅटूनमध्ये एम असिस्ट, म्हणजे नेम धरायला गेमची मदत, नाही. इतर कन्सोल शूटरमध्ये निशाणा शत्रूजवळ गेला की गेम हळूच हात धरतो, इथे कोणी धरत नाही. त्यामुळे स्टिकवर निशाणा लावायची वर्षानुवर्षांची सवय इथे अर्धीच उपयोगी पडते. मोठं वळण स्टिकने घ्यायचं आणि शेवटचा दोन बोटांचा फरक मनगटाने भरून काढायचा, अशी विभागणी आहे. सेटिंगमध्ये स्टिक आणि मोशन दोन्हींची संवेदनशीलता -५ ते +५ अशी वेगवेगळी मिळते, आणि टीव्हीवरची व हातात धरून खेळतानाची सेटिंग स्वतंत्र असते. एकीकडे बदल केला आणि दुसरीकडे विसरलात तर दोन्हीकडे हात चुकेल. सुरुवातीला स्टिक ० किंवा -१, मोशन +१ किंवा +२ ठेवा. आठवड्याला एकाच अंकाने बदला. रोज बदललं तर मनगटाला काहीच लक्षात राहत नाही.

बसण्याची पद्धतही महत्त्वाची. कोपर मांडीवर किंवा खुर्चीच्या हातावर टेकवा, कंट्रोलर ज्या कोनात आरामात राहतो तिथे धरा आणि वाय बटण दाबा. वायने कॅमेरा सरळ होतो आणि त्या कोनाला 'समोर' मानलं जातं. नवीन माणूस वाय विसरतो, मॅचच्या मध्यावर त्याचा कंट्रोलर छताकडे गेलेला असतो. प्रत्येक पुनर्जन्मानंतर वाय, उडी मारून खाली उतरल्यावर वाय, एवढी सवय लागेपर्यंत मॅचचा निकाल बघूच नका. लॉबीत मॅच जुळेपर्यंत पुतळ्यांवर सराव करता येतो आणि किती नुकसान झालं तो आकडा तिथे दिसतो. रोज दहा मिनिटं तिथे घालवा.

आपल्याकडची एक गंमत म्हणजे मोबाइलवर बीजीएमआय 'जायरो ऑलवेज ऑन' ठेवून खेळणारी मुलं इथे पीसीवाल्यांपेक्षा आणि प्लेस्टेशनवाल्यांपेक्षा लवकर रुळतात. फोन तिरका करून रिकॉइल (झाडताना बंदुकीला बसणारा झटका) आवरणाऱ्या मनगटाला हे काम नवीन नाही. ज्यांना 'मोबाइलवाले' म्हणून हिणवलं जातं, त्यांच्याकडेच इथे लागणारं कौशल्य तयार असतं.

आता रंगांकडे येऊ, कारण खरा आक्षेप तोच असतो. २०१५ मध्ये पहिला स्प्लॅटून येण्याआधीच्या प्राथमिक नमुन्यात टोफूच्या वडीसारखे ठोकळे काळी-पांढरी शाई उडवून जागा बळकावत होते. नियम आधी ठरला, गोंडस स्क्विड-मुलं नंतर आली. जमीन रंगवणं ही सजावट नाही, अख्खा खेळ त्यावर उभा आहे. आपल्या शाईत झेडएल बटण दाबून बुडालं की वेग वाढतो, अंग लपतं आणि शाईची टाकी भरते: बुडून साधारण ३ सेकंदांत, उभं राहून सुमारे १० सेकंदांत. शत्रूच्या शाईत पाय पडला की चाल मंदावते, उडी खुजी होते आणि थोडं नुकसान होत राहतं. म्हणजे पायाखालची जमीन हीच दारूगोळा, आडोसा आणि पळायची वाट. काउंटर-स्ट्राइकमध्ये कोपरा धरून बसणारा खेळाडू इथे तसाच बसतो, दहा सेकंदांत त्याच्याभोवतीची जमीन शत्रूच्या रंगाची होते आणि तो अडकून मरतो. नेम चांगला असूनही. दोन रंग वेगळे ओळखायला त्रास होत असेल तर कलर लॉक चालू करा, मग प्रत्येक मॅचला ठरलेलीच रंगजोडी येते.

आकडे कडक आहेत आणि शूटरवाल्यांनी ते पाठ करावेत. प्रत्येकाची जीवनशक्ती १००. स्प्लॅटरशॉट या बंदुकीची एक गोळी ३६, म्हणजे तीन गोळ्या. सेकंदाला दहा गोळ्या सुटतात, त्यामुळे पहिली लागल्यापासून तिसरी लागेपर्यंत ०.२ सेकंद. पल्ल्याच्या टोकाला गोळी खाली पडताना तिचं नुकसान घटतं, तिथे तीन पुरत नाहीत. .५२ गॅल ही बंदूक दोन गोळ्यांत काम संपवते, पण सुटते हळू आणि शाई जास्त विखुरते. स्प्लॅट चार्जर हे दाबून भरायचं, लांब पल्ल्याचं शस्त्र पूर्ण भरायला एक सेकंद लागतो आणि एका फटक्यात १६० देतो. त्याची रेघ मात्र समोरच्याला दिसते. हेडशॉट, म्हणजे डोक्यावर मारल्याचं जादा नुकसान, नाही. शिकायला रिकॉइलचा नमुना नाही. उडी मारून झाडलं की फवारा पसरतो, म्हणून 'उडी मार, झाड' ही जुनी खोड इथे महागात पडते. स्प्लॅट बॉम्बला टाकीतली ७० टक्के शाई लागते. बॉम्ब टाकून लगेच भिडायला गेलात की उरलेल्या ३० टक्के शाईवरच लढताय, हे लक्षात असू द्या. नव्या शूटरवाल्यांच्या निम्म्या मरणांचं कारण माझ्या मते हेच आहे.

पहिल्या दोन महिन्यांत माझं मत होतं की तीन मिनिटांच्या टर्फ वॉरमध्ये (जास्त जमीन रंगवेल तो संघ जिंकतो, असा साधा प्रकार) खोली नाही. ते मत आता तसं राहिलं नाही, पण पूर्ण चूकही नव्हतं. टर्फ वॉर शिकण्यासाठी आहे. सगळा हिशेब जमिनीच्या टक्क्यांचा, भिंती मोजत नाहीत, किल तर मुळीच नाही. शेवटच्या तीस सेकंदांत पारडं फिरतं. जुना खेळाडू अडीच मिनिटं वर्चस्व गाजवून हरतो आणि 'अन्याय' म्हणतो. लेव्हल १० ला अनार्की बॅटल हा क्रमवारीचा प्रकार उघडतो आणि खरा खेळ तिथे सुरू होतो. त्यातल्या स्प्लॅट झोन्समध्ये ठरलेली जागा ताब्यात ठेवून १०० वरून ० पर्यंत मोजणी उतरवायची. इथे ज्याच्या डोक्यात व्हॅलोरंट या पीसी शूटरमधली साइट (ठरलेली जागा) धरायची शिस्त आहे, तो पहिल्यांदा चमकतो. अनार्कीच्या सिरीज या प्रकारात तीन पराभव व्हायच्या आत पाच विजय लागतात, आणि तो ताण कोणत्याही 'मोठ्यांच्या' शूटरइतकाच आहे.

आता माझी खरी तक्रार. मॅचला मध्यवर्ती सर्व्हर नाही, आठही कन्सोल एकमेकांशी बोलतात, आणि तेही सेकंदाला साधारण १६ वेळा. व्हॅलोरंटचा सर्व्हर हेच सेकंदाला १२८ वेळा करतो, काउंटर-स्ट्राइक २ चा ६४ वेळा. गोळी लागली की नाही हे झाडणाऱ्याच्या कन्सोलवर ठरतं. त्यामुळे भिंतीमागे पोचल्यावरही मरण येतं, आणि दोघे एकाच क्षणी एकमेकांना मारतात. ०.२ सेकंदांच्या लढाईत हा फरक जाणवतो. यावर शूटरवाले चिडतात ते योग्यच आहे, त्यात पोरखेळाचा पूर्वग्रह नाही. स्पर्धात्मक खेळात इतका विरळ संवाद चालवून घ्यायला नको होता.

आपल्या हातात आहे तेवढं करा. स्विचच्या ओएलईडी मॉडेलच्या डॉकला (टीव्हीला जोडायच्या स्टँडला) इंटरनेटची वायर लावायचा लॅन पोर्ट आहे, जुन्या डॉकला यूएसबी लॅन अडॅप्टर लावा. सिस्टिम सेटिंग्जमध्ये इंटरनेट, मग टेस्ट कनेक्शन, तिथे एनएटी टाइप, म्हणजे इतर कन्सोलशी थेट जोडणी किती सहज होईल याची श्रेणी, दिसतो. ए किंवा बी असेल तर छान. सी-डी असेल तर जुळणी वारंवार तुटते. अनेक ब्रॉडबँड कंपन्या बऱ्याच ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, तेव्हा राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नसतो. थेट सार्वजनिक आयपी मागा.

व्हॉइस चॅट गेममध्ये नाही. डी-पॅड वर दाबलं की 'इकडे या', खाली दाबलं की 'बूया' ही आनंदाची आरोळी, एवढीच भाषा. पहिल्यांदा हात बांधल्यासारखं होतं. नंतर रिकाम्या जागेकडे बघून सोबती काय करणार हे कळू लागतं, आणि अनोळखी मुलांच्या शिव्या ऐकाव्या लागत नाहीत. घरात दहा वर्षांचं लेकरू शेजारी बसून बघत असेल तर ही मोठी सोय आहे.

पैशांचं. गेमची मूळ किंमत ५९.९९ डॉलर, ऑनलाइन सदस्यत्व वर्षाला १९.९९ डॉलर, फॅमिली घेतलं तर ३४.९९ मध्ये आठ खाती. चार मित्रांनी वाटून घेतलं की ओझं राहत नाही. गेमच्या आत पैसे देऊन स्किन विकत नाहीत, कपडे-शस्त्रं खेळूनच मिळतात. फुकटच्या शूटरमध्ये एका चाकूच्या रंगावर हजारो रुपये घालवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडावा. निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानाला, ईशॉपला, भारताचा विभाग नाही, आणि ज्या देशाचं खातं उघडाल त्याच देशाचं ईशॉप गिफ्ट कार्ड चालतं. मी तर कार्ट्रिजच सुचवेन. ते कोणत्याही देशाच्या कन्सोलवर चालतं आणि पुन्हा विकता येतं.

जुना कन्सोल घेत असाल तर पैसे देण्याआधी कंट्रोलर सपाट टेबलावर ठेवून लॉबीत निशाण्याकडे बघा. हात न लावता निशाणा सरकत असेल तर आधी कंट्रोलर्स अँड सेन्सर्समध्ये जाऊन मोशनचं कॅलिब्रेशन करा, तेही सपाट जागेवर ठेवूनच. तरीही सरकला तर स्टिक कॅलिब्रेट करून बघा. त्यानंतरही थांबला नाही तर बहुधा स्टिकच झिजली आहे. तिच्या बदलीचा खर्च किमतीतून वजा करा किंवा दुसरा कन्सोल बघा.