शाईतली म्हैस की वॉटरकलरमधली म्हैस?

मागच्या महिन्यात एकच म्हैस मी दोनदा काढली. तीच पोझ, शिंगाला अडकवलेली तीच लाल छत्री, आणि चेहऱ्यावर तोच वैताग, लक्ष्मी रोडवर अर्धा तास पार्किंग शोधणाऱ्या माणसाचा असतो ना तसा. एकदा रंगीत शाईत काढली आणि एकदा वॉटरकलरमध्ये. ओळखीत सारखं कोणी ना कोणी विचारतं की असे गमतीदार प्राणी काढायचेत, काय घेऊ, आणि मी मूडप्रमाणे दरवेळी वेगळंच उत्तर देते, म्हटलं एकदाचं शेजारी शेजारी ठेवून बघूच.

ठेवल्यावर पहिल्या मिनिटात कळलं की शाईतली म्हैस भांडायला आलीये आणि वॉटरकलरमधली नुसती पुटपुटतीये. चित्र तेच, विनोद मात्र बदलला.

असं का होतं ते थोडं सांगते, कारण पैसे कशात घालायचे ते यावरच ठरतं. वॉटरकलर म्हणजे बारीक दळलेलं रंगद्रव्य आणि डिंक, आपल्या डिंकाच्या लाडवातल्या डिंकाचाच भाऊबंद. पाणी लावलं की रंगाचे कण कागदावर पसरतात, खळग्यांत बसतात, सुकले तरी ओल्या ब्रशने बरेचसे परत उचलता येतात. रंगीत शाई बहुतेक वेळा डायची असते, म्हणजे रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला, कण वगैरे काही नाही, तो थेट कागदाच्या धाग्यांत शिरतो. म्हणून ती इतकी झगझगीत दिसते आणि म्हणूनच एकदा बसली की पूर्ण निघत नाही. माझ्या शाईवाल्या म्हशीला चुकून तिसरी नाकपुडी आली, ती शेवटी माशी आहे असं ठरवून तिला पंख काढले. वॉटरकलरमध्ये तीच चूक ओल्या ब्रशने आणि टिश्यूने अर्ध्या मिनिटात गेली असती (फ्थॅलो ब्लूसारखे हट्टी रंग सोडून, ते तिथेही जात नाहीत).

प्राण्यांच्या अंगाचं बघाल तर केस, लोकर, पिसं, ओली कातडी यात वॉटरकलर फार पुढे आहे, यावर मी वाद घालणार नाही. कागद ओला करा, निळा अल्ट्रामरीन आणि तपकिरी बर्न्ट सिएना सोडा, दोन्ही एकमेकांत मिसळून जो राखाडी येतो त्यात निळसर दाणे वेगळे दिसतात आणि डबक्यातून नुकतीच उठलेली म्हैस आपोआप तयार होते, तुम्ही फक्त मध्ये मध्ये करायचं नाही. मेंढीला तर मी आउटलाइनच काढत नाही, ओल्या कागदावर पातळ करडा रंग, त्याच्यावर चिमूटभर मीठ, सुकल्यावर मीठ झटकलं की लोकर. शाईत हे जमत नाही असं नाही पण डायची शाई ओल्या कागदावर इतकी धावते की मेंढीची ढगफुटी होते.

पण गंमत, मिश्कीलपणा, तो बहुतेक वेळा रेषेत असतो. भुवई एक मिलिमीटर वर गेली की बोका संशयी होतो, दोन मिलिमीटर गेली की तो सोसायटीचा सेक्रेटरी. ही रेषा टाकाने जशी येते तशी ब्रशने माझ्याच्याने तरी येत नाही. टाक म्हणजे तोच, निब होल्डरमध्ये खोचायचं आणि दौतीत बुडवायचं, आजोबांच्या काळातला. दाब वाढवला की रेष जाड, सोडला की केसासारखी, त्यामुळे शेपटीला सुरुवात आणि शेवट असतो, नुसती तार वाटत नाही. आपल्या व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांची चित्रं लहानपणापासून बघितलेल्या पुणेकराला वेगळं सांगायला नको की प्राण्याच्या तोंडी एकही शब्द न घालता रेष किती बोलू शकते.

मग शाईच घ्या का? थांबा, शाई घेताना लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात, मीही फसले, कारण दुकानात सगळ्यालाच शाई म्हणतात. इकोलिनसारख्या बाटल्या येतात, तीस मिलीच्या, त्या डायच्या आणि पाण्याने परत हलणाऱ्या, म्हणजे खरं तर द्रव वॉटरकलरच. ॲक्रिलिक इंक वेगळी, तिच्यात रंगद्रव्य असतं, सुकली की प्लास्टिकसारखी पक्की, वरून कितीही पाणी फिरवा. इंडिया इंक म्हणजे काजळीची काळी, ड्रॉइंगसाठीची सहसा वॉटरप्रूफ मिळते. आणि फाउंटन पेनची शाई, जी घरात पडलेली असते आणि म्हणून पहिला हात तिच्याकडेच जातो. तिच्यात मजा अशी की काही काळ्या शायांवर पाणी फिरवलं की त्या फुटतात, काळ्यातून निळा, जांभळा, कधी गुलाबी बाहेर येतो, कावळ्याच्या पंखांना याच्याइतकं सुंदर काही नाही. पण याच शाईने मी एकदा मांजराच्या मिशा काढल्या, नीट सुकू दिल्या, वरून पिवळा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, दिला आणि मिशा विरघळून दाढी झाली. आता नवीन शाई आली की आधी कागदाच्या तुकड्यावर चार रेषा मारते, रात्रभर ठेवते, सकाळी ओला ब्रश फिरवते. हललीच तर ती शाई रंगाच्या खाली नाही, रंग सुकल्यावर वरून वापरायची.

आणि हो, ॲक्रिलिक किंवा शेलॅकवाली, म्हणजे लाखेची, शाई चुकूनही फाउंटन पेनात भरू नका, पेन आतून जाम होतो. टाकाचं निबसुद्धा लगेच पुसायचं, चहा पिऊन येते म्हटलं की गेलं.

आता उन्हाचं. माझ्या मते निर्णय इथेच होतो आणि दुकानात हे कोणी सांगत नाही. डायच्या शाया उजेडात उडतात. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पश्चिमेच्या खिडकीसमोर मी एक गुलाबी हत्ती लावला होता, हातात वर्तमानपत्र, डोक्याला पगडी, सगळ्यांचा लाडका. वर्षभरात हत्ती फिकट होत होत आजारी दिसायला लागला आणि पगडी, जी ॲक्रिलिक इंकने रंगवली होती, ती जशीच्या तशी, म्हणजे फक्त पगडीच वर्तमानपत्र वाचतीये असं दिसायचं. गुलाबी आणि जांभळ्या डायचं हे फार होतं. चांगल्या वॉटरकलरच्या ट्यूबवर लाइटफास्टनेसची, म्हणजे रंग उजेडात किती टिकतो त्याची, खूण असते, रंगद्रव्याचा कोडही असतो, अल्ट्रामरीनचा पीबी २९, बर्न्ट सिएनाचा बहुतेकदा पीबीआर ७, असे मातीचे आणि खनिज रंग पिढ्यानपिढ्या टिकतात. तिथेही डोळे झाकून जाऊ नका, ऑपेरा रोझ नावाचा जो झगमगीत गुलाबी मिळतो तो वॉटरकलर असूनही उडतोच.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला हा विचारा की चित्राचं पुढे काय करणार. भिंतीवर लावायचं, कोणाला बारशाला द्यायचं, विकायचं, तर डायची शाई नको, वॉटरकलर किंवा ॲक्रिलिक इंक. स्कॅन करून ग्रीटिंग छापायचंय, इन्स्टावर टाकायचंय, किंवा नुसतं वहीत ठेवायचंय तर डायच्या शाईसारखी मजा नाही, वही बंद असली की उजेडच लागत नाही.

खर्चाचं सरळ आहे. कॅमलचा बारा रंगांचा केकचा, म्हणजे सुक्या वड्यांचा, वॉटरकलरचा डबा दोनशे रुपयांच्या आत येतो, तेवढ्यात चांगल्या शाईची एक बाटली येणंही अवघड, आणि एका बाटलीत एकच रंग. पण शाई थेंबाथेंबाने लागते, पाणी घालून भरपूर पुरते, शिवाय पंचवीस बाटल्या लागतच नाहीत, एक पिवळी, एक मॅजेंटा, एक निळसर आणि काळी, बाकीचं इडलीपात्राच्या थाळीत मिसळायचं. (जुनी इडलीची थाळी हे जगातलं सर्वोत्तम पॅलेट आहे, प्लास्टिकच्या पॅलेटला शाईचे डाग कायमचे राहतात, स्टीलला नाही.) गंमत म्हणजे कॅमलवाली ही कॅम्लिन कंपनी दांडेकरांनी १९३१ मध्ये सुरू केली तीच शाईने, हॉर्स ब्रँड नावाची शाईची पूड आणि गोळ्या, उंट नंतर आला. शाई आणि प्राणी हे नातं आपल्याकडे असं दौतीपासूनचं.

कागदावर मात्र कंजुषी नको, दोन्हींसाठी. वॉटरकलरला तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कागद, जमलं तर कॉटनचा. शाईला रेष हवी असेल तर गुळगुळीत हवा, खडबडीत कागदावर टाक अडकतो आणि शिंतोडे उडवतो. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचे कागद दिसायला इतके देखणे असतात की सगळे उचलावेसे वाटतात, पण हातकागद कुठलाही असो, सायझिंग, म्हणजे कागदाने पाणी पटकन पिऊ नये म्हणून दिलेली खळ, बघून घ्या, ते कमी असलं की शाई टीपकागदावर पडल्यासारखी फुटते. मला तर साळिंदर काढायला तसाच फुटणारा कागद आवडतो, प्रत्येक काट्याला आपोआप झालर येते, बाकी प्राण्यांना तो नको.

बाहेर बसून काढायचं असेल, कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात वगैरे, तर शाई विसरा. माझी निळी बाटली ॲक्टिवाच्या डिकीत उघडली होती, रेनकोट अजून निळा आहे. केकचा डबा, वॉटरब्रश (दांड्यातच पाणी भरायचा ब्रश) आणि एक वॉटरप्रूफ काळं पेन पर्समध्ये बसतं. फक्त पावसाळ्यात डबा ओला असताना बंद करू नका, केकवर बुरशी धरते, घरी आलं की उघडा ठेवायचा. पुण्याची हवाही दोघांना वेगवेगळी मानवते, जुलैत कागद लवकर सुकतच नाही म्हणून मेंढ्या, ढग, ओले कुत्रे असले वॉटरकलरवाले प्राणी मी तेव्हा काढते, आणि एप्रिल-मेमध्ये वॉश मधेच सुकून कडा पडतात तेव्हा टाक बाहेर काढते.

घरात लहान मूल असेल आणि त्याच्यासोबत बसणार असाल तर केकचाच डबा, यावर चर्चा नको, डायची शाई शाळेच्या पांढऱ्या शर्टावरून जात नाही.

एवढं करून आज अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत पिशवी घेऊन जाणार असाल तर मी काय घेईन ते सांगते. साधे वॉटरकलर, एक काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, टाक आणि दोन निब, बस. आधी काळ्या शाईची रेष, ती पूर्ण सुकली की वर वॉटरकलर, आणि डोळ्यातला चमकीचा ठिपका कागदाचा पांढराच राखायचा, तेवढी जागा सोडायला विसरलात तर प्राणी मेलेला दिसतो आणि मग पांढऱ्या जेल पेनने शुद्धीवर आणावा लागतो. दोन-तीन महिने यात रमलात आणि तरी रंग पुरेसे ओरडत नाहीयेत असं वाटलं, तर रंगीत शाईची एक बाटली घ्या. मॅजेंटा घ्या, उडणारा असला तरी. माझ्या दोन म्हशींपैकी वॉटरकलरवाली फ्रेम होऊन हॉलमध्ये आहे, शाईवाली कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलीये, तिथे ऊन येत नाही, आणि रोज सकाळी ओढणी शोधताना ती माझ्याशी भांडते.