थंडपेटीत काय ठेवावे: जेल पॅक, सुटा बर्फ की गोठवलेली बाटली?

बाहेर नेलेले अन्न थंड ठेवण्यासाठी जेल पॅक विकत घ्यावेत की साधा बर्फ पुरेल, हे ठरवण्यापूर्वी एक समज तपासून घ्यावा. जेल पॅक बर्फापेक्षा अधिक काळ थंड राहतो, असे मानले जाते. प्रत्यक्षात नेहमीच्या पॅकमध्ये बहुतांश पाणीच असते आणि त्याला घट्टपणा आणणारा पदार्थ त्यात मिसळलेला असतो. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो, तर त्याचे झालेले पाणी ० वरून ५ अंश सेल्सिअसपर्यंत तापताना जेमतेम २१ किलोज्यूल शोषते. सगळा जोर वितळण्यात असल्यामुळे समान वजनाच्या पॅकमध्ये आणि बर्फात फारसा फरक राहत नाही.

फरक जाणवतो तो वापरताना. सुटा बर्फ फटींत शिरून बाटल्यांना सर्व बाजूंनी भिडतो, म्हणून पेये झटपट गार करायला तोच उत्तम. परंतु वितळलेल्या पाण्यात कच्च्या मांसाचा रस उतरला, तर तो शिजवलेल्या अन्नापर्यंत पोहोचू शकतो, आणि हा धोका मला डबे ओले होण्यापेक्षा कितीतरी गंभीर वाटतो. जेल पॅकमध्ये ही भीती नाही, मात्र तो फाटल्यास टाकूनच द्यावा. त्याची खरी उणीव मुक्कामाच्या सहलीत कळते: जवळ फ्रीझर नसेल तर दुसऱ्या दिवशी तो नुसते ओझे होतो, तर बर्फ वाटेत पुन्हा घेता येतो.

एका दिवसासाठी गोठवलेली पाण्याची बाटली मला दोन्हींपेक्षा सोयीची वाटते, कारण वितळलेले पाणी पिता येते. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते, म्हणून ती काठोकाठ भरू नये.

शून्याखाली वितळणारे, मिठाच्या द्रावणाचे पॅक गोठवलेल्या पदार्थांसाठीच घ्यावेत. त्यांना चिकटलेली पालेभाजी गोठून खराब होते.

निवड कोणतीही असो, पदार्थ आधीच गार करून भरावेत, कारण २५ अंशांचे एक लिटर पेय ५ अंशांवर आणण्यातच पाव किलो बर्फ खर्ची पडतो. थंड हवा खाली उतरत असल्याने निदान एक पॅक वरच्या बाजूला ठेवावा. पेटीत छोटा तापमापक ठेवावा, आणि ५ अंशांच्या वर दोन तासांहून अधिक काळ राहिलेले नाशवंत अन्न खाऊ नये. बाहेर ३२ अंशांहून अधिक ऊन असेल, तर ही मुदत एकच तास धरावी.