गुगल बिझनेस प्रोफाइल आणि सर्च कन्सोल: आंब्याच्या धंद्यात दोन सीझन वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. बाग भाऊजी बघतात आणि पुण्यातली विक्री मी बघते, म्हणजे रात्री टेम्पो येतो, सिंहगड रोडला आमच्या पार्किंगमध्ये पेट्या उतरतात आणि सकाळपासून मी नि माझा नवरा घरोघरी पोचवत सुटतो. आधी सगळं ओळखीवर चालायचं. मग वाटलं वेबसाइट पाहिजे, कारण पुण्यात दर चौकात कर्नाटकचा आंबा देवगडचा म्हणून विकला जातो आणि गिऱ्हाईक आधी मोबाइलवर बघतं हे खरे आहेत का. २०१८ ला हापूसला जीआय मिळालं, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं अशी सरकारी नोंद, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर एवढे जिल्हे त्यात आहेत, पण ते गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचं कोणी, आपणच ना.

पहिल्या वर्षी आम्ही एका एजन्सीला काम दिलं. नाव लिहीत नाही, पण काय झालं ते सांगते कारण बऱ्याच छोट्या धंदेवाल्यांचं हेच होतं. महिन्याला १५ हजार, आणि "गुगलच्या पहिल्या पानावर गॅरंटी". आता मला माहितीये की गुगल स्वतःच त्यांच्या मदतीच्या पानावर लिहितं की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनी आमच्या साइटवर इंग्रजीत आंबा खाण्याचे फायदे वगैरे लेख टाकले, दर महिन्याला रंगीत रिपोर्ट यायचा, इम्प्रेशन, म्हणजे साइट शोधात किती वेळा दिसली तो आकडा, वाढले असं त्यात असायचं, आणि फोन मात्र वाजत नव्हता. शेवटी काम थांबवायला गेलो तर कळलं की डोमेनच, म्हणजे वेबसाइटचा पत्ताच, त्यांच्या नावावर घेतलंय. ट्रान्सफरचा कोड मिळेपर्यंत अर्धा सीझन गेला. फार मनस्ताप झाला तेव्हा. वेबसाइट कोणाकडूनही करून घ्या पण डोमेन, होस्टिंग आणि गुगलचं अकाउंट तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डवर असू द्या, एजन्सीला फक्त मॅनेजर म्हणून अॅड करा, तशी सोय असते.

त्यानंतर २०२४ पासून मी स्वतः करतेय.

गुगल बिझनेस प्रोफाइल म्हणजे गुगलवर आणि मॅपवर शोधलं की तुमच्या धंद्याचं जे नाव, फोन, रिव्ह्यू दिसतात ते, आधीचं गुगल माय बिझनेस, २०२१ च्या शेवटी नाव बदललं. पूर्ण फुकट आहे. आमचं दुकान नाही, घरून डिलिव्हरी, म्हणून मी पत्ता लपवून सर्व्हिस एरिया, म्हणजे जिथे आम्ही माल पोचवतो ते भाग, टाकला, २० पर्यंत भाग टाकता येतात, मी कोथरूड, कर्वेनगर, धायरी, बिबवेवाडी असे जिथे आम्ही खरंच स्वतः जातो तेवढेच टाकले. नियम असा की तुमच्या ठिकाणापासून साधारण दोन तासांच्या गाडीच्या अंतराबाहेरचा भाग टाकायचा नाही. भाऊजींचं म्हणणं होतं देवगडच्या बागेवरच प्रोफाइल काढू आणि एरियात मुंबई पुणे सगळं टाकू, पण ते चालत नाही, आणि चाललं असतं तरी कोथरूडमधून शोधणाऱ्याला ते दिसलंच नसतं. गुगल लोकल रिझल्ट लावताना तीन गोष्टी बघतं, तुम्ही जे विकता ते शोधणाऱ्याशी किती जुळतं, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात आणि तुमचं नाव किती आहे. पैसे भरून हा नंबर वर जात नाही. कोणी फोन करून सांगत असेल की अमुक भरा, मॅपवर वर आणतो, तर फोन ठेवा.

व्हेरिफिकेशन व्हिडिओने झालं. हा भाग नीट सांगते कारण इथेच लोक अडकतात. व्हिडिओ एका दमात, न कापता काढायचा. मी आमच्या सोसायटीच्या गेटबाहेरून सुरू केला, रस्त्याचं नाव असलेली पाटी दिसेल असं, मग आत पार्किंगमध्ये, तिथे रचलेल्या पेट्या, आमच्या नावाचा शिक्का मारलेली एक पेटी उघडून गवत बाजूला करून आंबे दाखवले, मग वजनकाटा, बिलबुक, आणि शेवटी घराचं कुलूप माझ्या किल्लीने उघडलं. म्हणजे जागा खरी, धंदा खरा आणि चालवणारी मीच, हे तीन मुद्दे त्यात यायला लागतात. नावात मात्र "देवगड हापूस पुणे स्वस्त होम डिलिव्हरी" असली भरती करू नका, शिक्क्यावर जे नाव आहे तेच टाका, नाहीतर प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं आणि ते ऐन एप्रिलमध्ये झालं तर काय करणार.

रिव्ह्यूचं म्हणाल तर प्रोफाइलमधून एक लिंक आणि क्यूआर मिळतो. मी तो चिठ्ठीवर छापून प्रत्येक पेटीत टाकते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, रिव्ह्यू लिहील त्याला दोन आंबे जास्त देऊया की." मनात आलं तरी करायचं नाही, रिव्ह्यूच्या बदल्यात काहीही देणं नियमात बसत नाही आणि फक्त खुश गिऱ्हाइकालाच लिंक पाठवणं पण नाही. आम्हाला एका ताईंनी दोन स्टार दिले कारण पेटीत चार आंब्यांना साका निघाला. साका म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो, तो बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो. मी खाली तसंच लिहिलं, की बरोबर आहे तुमचं, कापलेल्याचा फोटो पाठवा, बदलून देते, आणि दिले. नंतर कितीतरी जणांनी फोनवर सांगितलं की तो रिव्ह्यू आणि त्याच्याखालचं उत्तर वाचून फोन केला. पाच स्टारवाल्या रिव्ह्यूंबद्दल असं कोणी बोललं नाही!

आता सर्च कन्सोल. हे पण गुगलचं फुकट आहे, पण बहुतेक छोटे धंदेवाले उघडतच नाहीत आणि माझ्या मते तेच सगळ्यात कामाचं आहे. तुमच्या साइटवर लोक कोणते शब्द टाकून येतात ते त्यात सरळ दिसतं. एजन्सीने सगळी पानं बेस्ट अल्फान्सो मँगो ऑनलाइन ह्या शब्दांवर बांधली होती. आणि लोक काय टाकत होते? हापूस पेटी रेट. पेटीत किती आंबे असतात. कच्चा हापूस कसा पिकवायचा. आंबा फ्रीजमध्ये ठेवावा का. अर्धे मराठीत, अर्धे मराठीच पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलेले. हे वाचताना मला अक्षरशः फोनवरचं गिऱ्हाईक बोलतंय असं वाटलं, कारण हेच प्रश्न मी रोज ऐकते!

मग मी लेख काढून टाकले आणि तेवढ्या प्रश्नांची पानं केली. एका पानावर आजचा भाव, डझनावर आणि पेटीवर, रोज सकाळी बदलते. एका पानावर फळाच्या साइजप्रमाणे पेटीत चार, पाच की सहा डझन बसतात ते, हातात आंबा धरलेल्या फोटोसकट. एक पान आढीवर, म्हणजे घरी गवतात कसं लावायचं, कच्चं फळ फ्रीजमध्ये का नाही टाकायचं, देठाजवळ दाबून आणि वासावरून तयार झालं कसं ओळखायचं, हे सासूबाईंनी सांगितलं तसंच्या तसं लिहिलं. त्या पानावरून सगळ्यात जास्त लोक येतात आणि तिथूनच खाली व्हॉट्सअॅपचं बटण दाबतात.

सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांचा डेटा राहतो, म्हणजे ह्या वर्षीची तयारी करताना मागचा अख्खा सीझन समोर असतो. त्यातून मला कळलं की लोक पाडव्याच्या आधीच शोधायला लागतात आणि अक्षय्य तृतीयेला कळस होतो, आणि नवीन पान टाकलं की ते वर यायला आठवडे, कधी महिने जातात. म्हणून आता मोहोर दिसला की नोव्हेंबर-डिसेंबरातच पानं तयार ठेवते. मार्चमध्ये पान टाकणं म्हणजे माल संपल्यावर दुकान उघडणं. आणि दरवर्षी नवीन पान काढत नाही, तेच जुनं पान, तोच पत्ता, आतला मजकूर बदलते.

स्पीडचं पण थोडं बघा. मी बागेचे फोटो मोबाइलमधून तसेच चढवले होते, एकेक फोटो पाच-सहा एमबीचा, वर फिरणारा स्लायडर. पेजस्पीड इनसाइट्स म्हणून गुगलचंच टूल आहे त्यात लिंक टाकली की कळतं, मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला पाहिजे. फोटो वेबपी ह्या हलक्या फॉरमॅटमध्ये छोटे केले, स्लायडर काढला, झालं.

जाहिराती मी नंतर सुरू केल्या, थोड्याच. गुगल अॅड्समध्ये एजन्सीच्या वेळच्या जुन्या कॅम्पेनचा सर्च टर्म रिपोर्ट, म्हणजे लोकांनी काय शोधल्यावर जाहिरात दिसली ती यादी, उघडला तेव्हा डोकं सुन्न झालं, आमरस रेसिपी, आंब्याचं कलम, आंब्याचे फोटो, रिकाम्या लाकडी पेट्या, ह्या सगळ्यांच्या क्लिकचे पैसे आमच्या खिशातून गेले होते कारण ब्रॉड मॅच, म्हणजे जवळपासच्या कुठल्याही शोधाला जाहिरात दाखवा असं सेटिंग, लावून सोडून दिलं होतं. हे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाकले, म्हणजे ते शोधणाऱ्याला जाहिरात दिसत नाही. दुसरं म्हणजे लोकेशनमध्ये आपोआप जे निवडलेलं असतं त्यात पुण्यात "इंटरेस्ट" असलेले लोक पण येतात, ते बदलून फक्त पुण्यात असलेले असं करा, नाहीतर दिल्लीतला माणूस क्लिक करेल आणि आपण त्याला आंबा पोचवू शकणार नाही.

व्हॉट्सअॅप बिझनेसबद्दल एवढंच, ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून चिठ्ठीवर क्यूआरच्या वरती मोठ्या अक्षरात "पुढच्या वर्षीसाठी नंबर सेव्ह करा" लिहिलंय. जुनं गिऱ्हाईक परत येणं हाच आमचा निम्म्याच्या वर धंदा आहे.

कमतरता सांगायच्या तर प्रोफाइलवरच सगळं सोडून बसू नका. त्याच्यासोबत मिळणारी फुकट वेबसाइट गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली आणि चॅट जुलै २०२४ मध्ये. म्हणजे स्वतःची साइट, स्वतःचं डोमेन पाहिजेच, प्रोफाइल तिच्याकडे आणणारा रस्ता. आणि ज्यांचा धंदा फक्त कुरियरने चालतो, गिऱ्हाइकाला कधी समोरासमोर भेटतच नाही, त्यांना हे प्रोफाइल नियमाने काढताच येत नाही, त्यांनी सर्च कन्सोलवरच जोर द्यावा. वेळ पण लागतो, मी रोज सकाळी भाव बदलणं, रिव्ह्यूला उत्तरं आणि एखादा बागेतला ताजा फोटो ह्याला अर्धा तास देते.

जून लागला की प्रोफाइल "तात्पुरतं बंद" करून ठेवते, नाहीतर पावसात लोक फोन करून आंबे मागतात आणि नाही म्हणायला जीवावर येतं. डिसेंबरात भाऊजींचा मोहोराचा पहिला फोटो आला की परत चालू.