जुनी छोटी गाडी घ्यायचीय? मिनी, बीटल आणि फियाट ५०० : कुठे किती खर्च निघतो

जुन्या छोट्या गाड्यांचे भाव वाढले, ही तक्रार खरी आहे, पण अर्धीच. गाडीचा भाव एकदाच मोजायचा असतो. पत्र्याचं काम, रंग, क्रोम, सुटे भाग आणि हे सगळं नीट करू शकणाऱ्या कारागिराची मजुरी मात्र पुढे कित्येक वर्षं मोजावी लागते आणि ती दरवर्षी चढत जाते. त्यामुळे कोणती गाडी घ्यावी असं कुणी विचारलं की मी भावापासून सुरुवात करत नाही. गंज कुठे धरतो आणि तो काढायला काय लागतं, इथून करतो.

तुलनेला तीन गाड्या घेतल्यात, कारण निवड बहुतेकदा यांच्यातच अडते. तिन्ही साध्या माणसाला परवडाव्यात म्हणून जन्मल्या. फोक्सवॅगन बीटलचं रूप १९३८ मध्येच ठरलं होतं आणि शेवटची बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या पुएब्ला कारखान्यातून बाहेर पडली. तोवर २ कोटी १५ लाखांवर गाड्या झाल्या होत्या. दान्ते जाकोसा यांनी आखलेली फियाट ५०० ही १९५७ ते १९७५ या काळात बनली. मिनीमागे १९५६ चा सुएझ कालव्याचा पेच होता. पेट्रोलची टंचाई झाली, कमी पिणारी गाडी हवी झाली आणि अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवून तीन मीटरच्या आसपास लांबीत चार माणसं बसवून दाखवली. ऑगस्ट १९५९ मध्ये आलेली ती गाडी ऑक्टोबर २००० पर्यंत बनत राहिली.

इतक्या लाखांनी बनलेल्या गाड्या महाग का व्हाव्यात? कारण त्या जपून ठेवायला बनल्याच नव्हत्या. पत्रा पातळ, गंजरोधक लेप नावापुरता. वापरल्या, गंजल्या, भंगारात गेल्या. वीस-तीस वर्षांपूर्वी एक गाडी जगवायला दुसरी फोडून तिचे भाग वापरायचे, तो मार्ग आता जवळजवळ बंद झालाय. फोडावी अशी गाडीच उरली नाही, कारण आज तिचीही दुरुस्ती करायला कुणीतरी तयार असतो. जुना पत्रा ठोकून आकार देणारे, गॅस वेल्डिंग जाणणारे कारागीर म्हातारे होत चाललेत. युरोपात २००७ पासून गाड्यांच्या रंगातल्या उडून जाणाऱ्या द्रावकांवर कडक मर्यादा आल्या आणि २०१७ पासून क्रोम चढवण्याच्या जुन्या पद्धतीला खास परवानगी लागते. बंपरला क्रोम करून घेणं हे एकेकाळी किरकोळ काम होतं. आता त्यासाठी वेगळा पैसा बाजूला ठेवावा लागतो.

पत्रा : इथेच सगळा फरक पडतो

मिनीची बॉडी म्हणजेच तिची चौकट. पुढे-मागे लोखंडी सबफ्रेम (चाकं ज्यांवर बसतात त्या छोट्या चौकटी) बोल्टनं लावलेल्या, बाकी सगळं वेल्ड केलेलं. पत्र्यांचे जोड तर बाहेरच्या अंगाला आहेत आणि त्या शिवणींत पाणी मुरतं. विंडस्क्रीनखालची पट्टी, दाराखालचं सिल, पुढच्या मडगार्डामागचा तुकडा, डिकीतली बॅटरीची जागा, मागच्या सीटच्या पायाशी असलेला उभा पत्रा, एवढ्या ठिकाणी ती सडते. मागची सबफ्रेम गंजली तर घाबरू नये, नवी मिळते आणि बसते. पण ती जिथे अडकते तो उभा पत्रा सडला असेल तर काम कैक पटींनी वाढतं.

मिनी बघायला गेलात की आधी गुडघ्यावर बसून सिल बघा. मूळ सिल अरुंद असतं. सडकं सिल झाकायला त्याच्यावर रुंद सिल वेल्ड करायची वाईट पद्धत फार पसरलेली आहे; बाहेरून गुळगुळीत, काळा रंग मारलेला, आत ओल कोंडलेली. बोटानं ठोकून बघा. धड पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, लांबी (खड्डे बुजवायचा लगदा) भरलेल्या जागेचा बद्द. मऊ कापडात गुंडाळलेलं लहान लोहचुंबकही जवळ ठेवा. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली लोखंड नाही, लांबी आहे.

बीटलची गोष्ट वेगळी. खाली फ्लोअरपॅन, म्हणजे तळाचा पत्रा, वर बॉडी, दोन्ही बोल्टनं जोडलेल्या. चारही मडगार्डं बोल्टची, मध्ये रबरी पट्टी. ठोकर बसली तर मडगार्ड उतरवा, दुसरं लावा, वेल्डिंगची मशीन लागत नाही. खर्चाच्या दृष्टीनं हा फार मोठा फायदा आहे. पण बीटललाही दोन मर्मं आहेत. मागच्या सीटखाली बॅटरी असते आणि तिच्यातल्या अ‍ॅसिडनं खालचा पत्रा खाल्ला जातो. सीट उचलून, तिथली चटई बाजूला सारून बघितल्याशिवाय सौदा करू नका. दुसरं मर्म दाराखालची पोकळ नळी, जिच्यातून इंजिनाची ऊब आत येते. ती नुसती हवेची वाट नाही, बॉडीचा भार तिच्यावर असतो. ती सडली तर बॉडी उचलूनच काम करावं लागतं. दारं उघडी ठेवून उचललेली बॉडी वाकते, मग दारं कधीच नीट लागत नाहीत. त्यामुळे हे काम हौशी माणसानं आतून आधाराच्या पट्ट्या वेल्ड केल्याशिवाय करू नये.

फियाट ५०० सर्वांत लहान, वजन ५०० किलोच्या आसपास. मिनीसारखीच वेल्डेड बॉडी, पण पत्रेच थोडे आणि छोटे. फ्लोअर, सिल, जॅक लावायच्या जागा आणि पुढे बॅटरीखालचा पत्रा एवढं बघितलं की बहुतेक कळतं. नवे पत्रे इटलीत अजून बनतात आणि मिनीच्या मानानं काम लवकर आटोपतं. कापडी छत फाटलं असेल तर मात्र पाणी सरळ फ्लोअरवर उतरतं, तेव्हा छत आणि फ्लोअर हे एकच दुखणं समजा.

मिनीच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी मिनीची अख्खी नवी बॉडी बनवते. फार सडलेल्या गाडीत तुकडे जोडत बसण्यापेक्षा नवी बॉडी कधी कधी स्वस्त पडते. पण बॉडी बदलली की अनेक देशांत नोंदणीचा प्रश्न उभा राहतो: गाडी जुनीच मानायची की नवी? हे आधी लेखी विचारून घ्या, नंतर नव्हे.

इंजिन आणि रोजचा खर्च

इंजिनाची भीती नवख्यांना जास्त वाटते, खरं तर तीच कमी वाटायला हवी. तिन्ही इंजिनं साधी आहेत आणि बांधून घेता येतात.

बीटलचं हवेवर थंड होणारं चार सिलिंडरचं इंजिन मागे चार जोडांवर टांगलेलं असतं. ट्रॉली जॅक असेल तर एकटा माणूस उतरवू शकतो. ऑइल फक्त अडीच लिटर आणि कागदी फिल्टर नाही, नुसती जाळी, त्यामुळे ऑइल वेळच्या वेळी बदलायलाच हवं. टॅपेट (व्हॉल्व्हच्या फटी) दर ५,००० किलोमीटरला बघावे लागतात. हे स्वतः शिकलात तर वर्षाचा बराच खर्च वाचतो. इंजिनाभोवतीच्या पत्र्यांचे रबर गळालेले असतील तर मात्र गरम हवा पुन्हा आत ओढली जाते आणि इंजिन आतून भाजून निघतं.

आणि पेट्रोलची नळी. बीटलमधली जुनी कापडी विणीची नळी तडकते आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकतं. इंजिनाच्या खोक्यात मॅग्नेशियम आहे, एकदा पेटलं की विझवणं अवघड. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुनं रबर आणखी लवकर खराब होतं. गाडी कुठलीही घ्या, घरी आणल्यावर पहिला खर्च पेट्रोलच्या नळ्यांवर आणि ब्रेकच्या रबरी नळ्यांवर करा. रंगाचं पुढे बघता येईल.

मिनीत गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, त्याच ऑइलमध्ये. जागा वाचली, पण गिअर घासल्याचा चुराही त्याच ऑइलमध्ये फिरतो. गिअरबॉक्सचं काम निघालं की इंजिनासकट सगळं बाहेर काढावं लागतं आणि मजुरी तिथे वाढते. जुन्या मिनींचं हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, शिसंयुक्त पेट्रोलवर बेतलेलं आहे. व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कड्या) बदलल्या आहेत का, हे विक्रेत्याला थेट विचारा. बदलल्या नसतील तर एक तर पेट्रोलमध्ये औषध घालत राहायचं, नाही तर पुढेमागे हेड उतरवायचं. चालवण्याच्या आनंदात मात्र या तिघांत मिनीला तोड नाही. रस्त्याला चिकटून वळणारी अशी दुसरी छोटी गाडी मला माहीत नाही.

फियाटचं दोन सिलिंडरचं इंजिन सुरुवातीला १३ अश्वशक्तीचं होतं, पुढे १८ पर्यंत गेलं. उघडायला, बांधायला तिघांत सर्वांत स्वस्त. पण गिअरबॉक्समध्ये सिंक्रो, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी रचना, नाही. प्रत्येक गिअर उतरताना मध्ये क्लच सोडून इंजिनाचा वेग जुळवावा लागतो. ही सवय नसलेल्याच्या हातात गिअरचे दात लवकर झिजतात. शिवाय वेगवान महामार्गावर ती आजच्या वाहतुकीत मागेच राहते. बऱ्याच गाड्यांत नंतर आलेल्या फियाट १२६ चं इंजिन बसवलेलं आढळतं. चालवायला ते बरंच सोयीचं, पण मूळपणाची किंमत देऊ नका.

टायरचा खर्च लोक धरतच नाहीत. जुन्या मिनींची १० इंची आणि फियाटची १२ इंची अरुंद टायर बनवणारे थोडे उरलेत. टायरवर नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयानं कडक झालेलं असतं. कडेला छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा: पहिले दोन म्हणजे टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष.

सुटे भाग : मिळतात, पण कसले?

तिघांचेही भाग भरपूर मिळतात. अडचण दर्जाची आहे. नव्यानं बनवलेले इग्निशनचे कंडेन्सर, रबरी बुश, दाराची रबरं यातलं बरंचसं टिकत नाही आणि तोच भाग दोनदा घ्यावा लागतो. जुना मूळ भाग साफ करून वापरता येत असेल तर फेकू नका. तसंच, जितकी सुरुवातीची गाडी तितके तिचे बारीक भाग दुर्मीळ. मागे लंबगोल काच असलेली १९५३ ते ५७ ची बीटल किंवा उलट्या बाजूनं उघडणारी दारं असलेली १९६५ आधीची फियाट मोहात पाडते, पण एक हरवलेला दिवा मिळवायला जो खर्च येतो त्यात नंतरच्या गाडीचा अर्धा अंतर्भाग नवा होतो. पहिलीच जुनी गाडी असेल तर नंतरचं मॉडेल घ्या.

सडकी, तयार की चालती?

सडकी गाडी स्वस्तात घेऊन स्वतः उभी करायची, हे स्वप्न मला समजतं. पण आजच्या मजुरीत हिशोब चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असाच होतो. पत्र्याचं पूर्ण काम शेकडो तासांचं असतं आणि ते तास विकत घ्यायचे झाले तर तयार झालेली गाडी बाजारभावाच्या वर जाते. वेल्डिंग स्वतःला येत असेल, जागा असेल आणि दोन-तीन वर्षांची सवड असेल, तरच तो रस्ता धरावा. सुटी करून खोक्यांत भरलेली गाडी तर टाळाच. काय नाही ते जोडायला बसल्यावरच कळतं.

पूर्ण तयार गाडी दिसायला महाग, हिशोबाला अनेकदा स्वस्त, कारण आधीच्या मालकानं तोटा सोसलेला असतो. फक्त उघड्या पत्र्याचे, रंग देण्याआधीचे फोटो मागा. चकचकीत रंगाचे फोटो काहीच सांगत नाहीत.

माझं मत तिसऱ्या प्रकाराकडे झुकतं: चालती, धड पत्र्याची, रंग विटलेली, सीट फाटकी अशी गाडी. इंजिन, ब्रेक, सीट ही कामं हप्त्याहप्त्यानं, गाडी वापरत करता येतात; सडलेल्या पत्र्याचं तसं होत नाही. अशी गाडी स्वतःच्या हातानं सांभाळायची असेल तर बीटल घ्या. जागा कमी आणि फिरणं गावातल्या गावात असेल तर फियाट. चालवणं हाच तुमचा मुख्य आनंद असेल आणि पत्र्याच्या चांगल्या कारागिराशी ओळख असेल, तर मिनी, पण पत्र्यासाठी वेगळी रक्कम राखून.

मिनी घेताना कूपर एस या तिच्या वेगवान मॉडेलच्या नावावर जास्त पैसे मागितले तर थांबा. १९६४, १९६५ आणि १९६७ च्या माँटे कार्लो रॅली जिंकल्यामुळे या मॉडेलला मागणी आहे आणि म्हणूनच साध्या मिनीला बिल्ले लावून कूपर एस केलेल्या गाड्याही फिरतात. इंग्लंडमधल्या गेडन इथलं ब्रिटिश मोटर म्युझियम जुन्या कारखाना-नोंदींवरून प्रमाणपत्र देतं. चॅसिस आणि इंजिन क्रमांक त्याच्याशी जुळवा, मगच बयाणा द्या.

आणि विमा कंपनीशी आधीच ठरवलेल्या रकमेचा घ्या, बाजारभावावर सोडू नका. ती रकमही दोन-तीन वर्षांनी नव्या मूल्यांकनानं वाढवत राहा. पत्र्याची मजुरी वाढली आणि पॉलिसीतली रक्कम जुनीच राहिली, तर मडगार्ड आणि पुढचा पत्रा चेपण्याइतक्या अपघातातही विमा कंपनी गाडी दुरुस्तीपलीकडची ठरवू शकते.